पहिला कॅमेरा घेताय? आधी फोनमधले शेवटचे शंभर फोटो मोजा

दसरा-दिवाळी जवळ आली की ऑनलाइन सेलच्या जाहिराती सुरू होतात. मग ओळखीत जो कुणी जरा बरे फोटो काढतो, त्याच्या व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न येऊन पडतो : "कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?"

उत्तरादाखल तो एखाद्या मॉडेलचं नाव पाठवतो. पण "गाडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" असं कुणी विचारलं तर आपण लगेच नाव सांगतो का? ऑफिसला जायचंय की शेतातून ऊस आणायचाय, हे आधी विचारतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हा साधा प्रश्न राहून जातो. आणि तो राहिला की ५०-६० हजार रुपये जातात, वर्षभर हप्ते फिटत राहतात आणि कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसतो. पहिल्या नोकरीत असलेल्या मुलामुलींसाठी ही रक्कम म्हणजे काही महिन्यांचा पगार असतो. म्हणून हा लेख.

कुठला कॅमेरा सगळ्यात चांगला, हे इथे सांगणार नाही. तुमच्या कामाचा कुठला आणि मुळात तो लागणार आहे का, हे कसं ठरवायचं ते बघू.

आधी मोजणी

फोनची गॅलरी उघडा. स्क्रीनशॉट, बिलांचे फोटो आणि फॉरवर्ड सोडून तुम्ही स्वतः काढलेले शेवटचे शंभर फोटो घ्या. त्यांचे पाच ढीग करा.

१. घरातली किंवा आतल्या उजेडातली माणसं : वाढदिवस, लहान मुलं, मांजर, जेवणाचं ताट.

२. दिवसा उजेडातली दृश्यं : नदी, घाट, डोंगर, रस्ता, इमारती.

३. लांबच्या गोष्टी : पक्षी, प्राणी, मैदानातला खेळाडू.

४. रात्रीचे किंवा स्टेजवरचे कार्यक्रम : गॅदरिंग, नाटक, मिरवणूक.

५. व्हिडिओ आणि रील.

आता प्रत्येक ढिगात बघा, कुठले फोटो मनासारखे आले नाहीत आणि का. हलले? अंधारे आले? झूम केल्यावर रंगाचा चिखल झाला? तुमचा कॅमेरा या बिघडलेल्या फोटोंवरून ठरतो. जे फोन आत्ताच छान काढतोय, त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही.

शंभरातले ऐंशी फोटो दुसऱ्या ढिगातले निघाले आणि ते तुम्हाला आवडतही असतील, तर सरळ सांगतो : कॅमेरा घेऊ नका. दिवसाच्या भरपूर उजेडात, मोबाइलच्या स्क्रीनवर बघायच्या फोटोत, बऱ्या फोनमध्ये आणि ५० हजारांच्या कॅमेऱ्यात फार थोडा फरक दिसतो. तेच पैसे प्रवासावर घाला, फोटो आपोआप चांगले येतील.

विश्रामबागेतून निघालं तर

हे पाच ढीग कागदावर नीट कळत नाहीत, म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतून निघू. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांमुळे हा भाग विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो आणि 'पहिला कॅमेरा' हा प्रश्न इथल्या चहाच्या टपऱ्यांवर कायम चालू असतो.

पहिली दिशा कृष्णाकाठची. १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल, गणपती मंदिर, घाट, आणि पुढे हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. इथे उजेड भरपूर आणि विषय जागेवर उभा. फोन पुरतो. कॅमेरा असेल तर त्याच्यासोबत येणारी साधी किट लेन्स पुरते. कॅमेऱ्याचा खरा उपयोग होतो तो मंदिरासमोर. मंदिर काळ्या दगडाचं आहे. कॅमेऱ्याला वाटतं समोर अंधार आहे, म्हणून तो फोटो जास्त उजळ करतो आणि काळा दगड राखाडी दिसायला लागतो. अशा वेळी एक्स्पोजर एका चाकानं खाली आणता येतं. फोनवरही हे जमतं, स्क्रीन दाबून बोट खाली सरकवायचं. फार जणांना ते माहीत नसतं, इतकंच.

दुसरी दिशा मिरजेची. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य घडवणाऱ्याच्या दुकानात जा. वाळलेले भोपळे, लाकडाचा भुसा, एका खिडकीतून येणारा उजेड आणि सतत हलणारे हात. इथे फोन गडबडतो. हात तरी हलतो किंवा फोटो पिठासारखा गुळगुळीत होतो. हा पहिला ढीग. कॅमेऱ्याचा फरक सगळ्यात जास्त इथे जाणवतो, आणि तोही स्वस्तातल्या लेन्सनं. (आधी विचारून फोटो काढा. ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे.)

तिसरी दिशा सागरेश्वर अभयारण्याची. चितळ, सांबर, काळवीट. प्राणी तुमच्या सोयीनं जवळ येत नाहीत, त्यामुळे लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स लागते. किट लेन्सनं काढलेल्या फोटोत काळवीट म्हणजे गवतातला एक ठिपका असतो.

चौथी गोष्ट स्टेजची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सादर केलं ते याच गावात, त्यामुळे नाटक आणि गॅदरिंग इथे काही कमी नाही. उजेड कमी, अंतर जास्त आणि माणसं हलती. कॅमेऱ्यासाठी ही सगळ्यात कठीण परीक्षा आहे. पाचव्या रांगेतून फ्लॅश मारून काही होत नाही, कारण छोट्या फ्लॅशचा उजेड काही मीटरपुढे पोचत नाही. त्याचा त्रास फक्त पुढच्या रांगेतल्या लोकांना होतो.

आणि कास पठार? फुलं इवलीशी असतात. फोनची लेन्स लहान असल्यानं ती फुलाच्या बरीच जवळ जाऊ शकते. किट लेन्सला तेवढं जवळ जाता येत नाही. म्हणजे मॅक्रो लेन्स नसेल तर काही फुलं फोनवर जास्त चांगली येतील. मात्र फोटोसाठी फुलं तुडवू नका.

सेन्सर : वाटी आणि परात

मिरजेच्या त्या दुकानात कॅमेरा का जिंकतो? पावसात पागोळ्यांखाली वाटी ठेवा आणि शेजारी परात ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त जमतं. फोटोत पाऊस म्हणजे प्रकाश आणि भांडं म्हणजे सेन्सर.

मध्यम किमतीच्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ३० ते ५० चौरस मिलिमीटरचा असतो. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर येतो. त्याचं क्षेत्रफळ कंपनीप्रमाणे सुमारे ३३० ते ३७० चौरस मिलिमीटर असतं. म्हणजे फोनपेक्षा ढोबळमानानं सात ते बारा पट मोठं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तो आणखी चांगला, पण त्याच्या लेन्स महाग आणि जड. पहिल्या कॅमेऱ्याला एपीएस-सी भरपूर झाला.

फोन ही कमतरता सॉफ्टवेअरनं भरून काढतो. एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन तो ते एकत्र जोडतो. पूल किंवा डोंगर असेल तर ही युक्ती झकास चालते, कारण ते हलत नाहीत. पळणारं मूल मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं, आणि तिथे युक्ती फसते.

मेगापिक्सेलच्या नादी लागू नका

दुकानात पहिला आकडा ऐकवला जातो तो मेगापिक्सेलचा. कणीक तेवढीच ठेवून पुऱ्या जास्त लाटल्या तर त्या लहान होतात, पोट काही जास्त भरत नाही. सेन्सर तेवढाच ठेवून मेगापिक्सेल वाढवले की तसंच होतं.

हिशेब करून बघा. इन्स्टाग्रामवरची उभी पोस्ट साधारण १०८० बाय १३५० पिक्सेलची असते, म्हणजे दीड मेगापिक्सेलपेक्षाही कमी. १२ बाय ८ इंचांची चांगली प्रिंट काढायला साधारण ८.६ मेगापिक्सेल लागतात. आजचा स्वस्तातला एपीएस-सी कॅमेराही २० ते २४ मेगापिक्सेलचा असतो. त्यामुळे हा आकडा बघून दोन कॅमेऱ्यांत निवड करायची गरजच उरलेली नाही.

एक धोका मात्र सांगायला हवा. ऑनलाइन चार-आठ हजारांत अनोळखी ब्रँडचे 'फोर के, ४८ मेगापिक्सेल' असे कॅमेरे दिसतात. दिसायला डीएसएलआरसारखे, आत सेन्सर फोनपेक्षाही लहान. आकडा फुगवलेला असतो. हे घेण्यापेक्षा हातातला फोन बरा.

खरा खेळ लेन्सचा

लेन्सवर दोन आकडे असतात. मिलिमीटरमधला आकडा सांगतो किती रुंद किंवा किती लांबचं दिसेल. १८ म्हणजे रुंद, अख्खा घाट मावेल. ५० म्हणजे माणसाचा चेहरा आणि खांदे. २५०-३०० म्हणजे काळवीट.

दुसरा आकडा एफ नंबर. लेन्सची खिडकी किती उघडते ते तो सांगतो, आणि तो उलटा चालतो : आकडा जितका लहान, तितकी खिडकी मोठी.

समजा कॅमेऱ्यासोबत १८-४५ मिलिमीटरची किट लेन्स आली. पूर्ण झूमला तिची खिडकी एफ ६.३ पर्यंतच उघडते. शेजारी एफ १.८ ची ५० मिलिमीटर लेन्स ठेवा. दुसऱ्या लेन्समधून सुमारे बारा पट जास्त प्रकाश आत येतो. घरात ट्यूबलाइटखाली किट लेन्सनं सेकंदाच्या विसाव्या भागाचं शटर मिळत असेल, तर या लेन्सनं जवळजवळ २४० वा भाग मिळतो. विसाव्या भागात धावणारं मूल पुसट येतं, २४० व्या भागात ते जागेवर थांबलेलं दिसतं. दोन्ही वेळा कॅमेरा तोच असतो.

झूम न होणाऱ्या अशा लेन्सला प्राइम म्हणतात. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची ५० किंवा ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स ही त्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्स थोडी जवळचं दाखवते, फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिलिमीटरसारखी. छोट्या खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येते. म्हणून घरातल्या फोटोंना ३५ जास्त सोयीची, एकट्या माणसाच्या फोटोला आणि स्टेजजवळ बसायला मिळणार असेल तर ५०.

म्हणून ६० हजार रुपये हातात असतील तर ६० हजारांचा कॅमेरा घेऊ नका. ४०-४५ हजारांचा घ्या आणि उरलेल्यात लेन्स, कार्ड आणि जादा बॅटरी बसवा. बॉडी चार-सहा वर्षांत जुनी वाटायला लागते, चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते.

मिररलेस की डीएसएलआर?

डीएसएलआरमध्ये आत एक आरसा असतो. त्यातून दृश्य व्ह्यूफाइंडरमध्ये येतं आणि क्लिक करताना आरसा वर उचलला जातो. तो 'खटॅक' आवाज त्याचाच. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सर जे बघतो तेच स्क्रीनवर दिसतं, म्हणून फोटो अंधारा येणार की उजळ, हे क्लिकच्या आधीच कळतं. शिकणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे. कॅमेरा हलकाही होतो. कंपन्या नवीन कॅमेरे आणि लेन्स आता मुख्यतः मिररलेससाठीच काढतात. निकॉननं डी ३५०० आणि डी ५६०० हे लोकप्रिय सुरुवातीचे डीएसएलआर बनवणं थांबवलंय. त्यामुळे नवा घ्यायचा असेल तर मिररलेस घ्या. डीएसएलआर घ्यायचा तर जुना, स्वस्तात.

सध्या सुरुवातीच्या खरेदीत ही नावं कानावर पडतात :

कॅनन ईओएस आर १०० (२०२३) : २४ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडर आहे, किंमत कमी. पण स्क्रीन जागेवरच पक्की, वळत नाही आणि टचही नाही. फोनची सवय असलेल्याला ते खटकतं.

कॅनन ईओएस आर ५० (२०२३) : २४ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडर, वळणारी टचस्क्रीन. बॅटरी-कार्डसकट सुमारे ३७५ ग्रॅम. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करणाऱ्याला सोपा.

निकॉन झेड ३० (२०२२) : २० मेगापिक्सेल, हातात पकड छान, स्क्रीन वळते. व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे भर दुपारी घाटावर उन्हात स्क्रीन बघताना डोळे बारीक करावे लागतात.

सोनी झेडव्ही-ई १० (२०२१) : २४ मेगापिक्सेल, रील आणि व्हिडिओ डोळ्यासमोर ठेवून बनवलेला. यालाही व्ह्यूफाइंडर नाही. त्याला बसणाऱ्या नव्या-जुन्या लेन्स भरपूर मिळतात.

यातला कुठलाही वाईट नाही. पहिल्या ढिगातले फोटो जास्त असतील तर कुठलाही घ्या आणि प्राइम लेन्स जोडा. पाचवा ढीग मोठा असेल तर वळणारी स्क्रीन आणि माइक लावायची जागा बघा. तिसरा ढीग मोठा असेल तर आधी त्या कंपनीच्या टेलिफोटो लेन्सची किंमत बघा, मग बॉडी निवडा. चौथ्या ढिगाबद्दल खरं सांगायचं तर स्टेजसाठीच्या एफ २.८ च्या टेलिफोटो झूम लेन्स बहुतेक लाखाच्या घरात जातात. सुरुवातीला ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या आणि कार्यक्रमाला लवकर जाऊन पुढची जागा धरा.

फूजीफिल्मचा एक्स १०० सहा हा २०२४ मधला कॅमेरा रीलवर फार दिसतो. सुंदर आहे. पण लेन्स बदलता येत नाही, झूम नाही आणि किंमत दीड लाखाच्या आसपास. पहिल्या कॅमेऱ्यासाठी त्याच्यामागे लागू नका.

दुकानात गेल्यावर एक गोष्ट नक्की करा. कॅमेरा हातात धरा. करंगळीला खाली जागा मिळते का? चाक अंगठ्यानं सहज फिरतं का? रोज न्यायच्या पिशवीत मावेल का? डब्याच्या बॅगेत जो बसत नाही, तो दोन महिन्यांनी घरीच राहतो.

जुना घेताना काय बघायचं

कॅनन १५००डी, २००डी टू, निकॉन डी ३५००, डी ५६०० हे जुन्या बाजारात सहज मिळतात आणि शिकायला आजही पुरेसे आहेत. घेताना भरदिवसा, समोरासमोर तपासा.

शटर काउंट विचारा. सुरुवातीच्या डीएसएलआरचं शटर साधारण लाखभर क्लिक टिकेल असं धरतात. ऐंशी हजार झाले असतील तर किंमत तशी पाडून मागा. लग्नाच्या सीझनमध्ये वापरलेला कॅमेरा वरून चकचकीत असला तरी काउंट खरं सांगतो.

लेन्समधून आरपार टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त असली तरी नको. साफसफाईचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडू शकतो.

पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो एफ १६ वर काढा आणि झूम करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. ओरखडा असेल तर तो जात नाही.

निकॉन डी ३५०० आणि डी ५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या निकॉन लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का, ते बघा.

मूळ बिल मागा आणि बिलावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याखालच्या नंबरशी जुळवा. चोरीचा माल अंगावर येऊ नये यासाठी हे गरजेचं आहे. नव्या कॅमेऱ्यातही तेच. 'बिलाशिवाय घेतलात तर पाच हजार कमी' हे ऐकायला गोड वाटतं. डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, सूट तिथूनच येते. पण बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुम्ही एकटे पडता.

आणि हो, घरातल्या कपाटात बाबांचा किंवा काकांचा २०१० च्या आसपासचा सायबरशॉट, कूलपिक्स पडलाय का? आधी तो चार्ज करा. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचे रंग सध्या पुन्हा आवडीचे झालेत आणि हा प्रयोग फुकटात होतो. फक्त कार्डाची अडचण येऊ शकते. काही जुने कॅमेरे नवी, मोठ्या क्षमतेची कार्डं वाचत नाहीत, तर जुन्या सोनीला मेमरी स्टिक नावाचं वेगळंच कार्ड लागतं.

पाऊस, गुलाल आणि हळद

आपल्याकडे कॅमेऱ्याचे शत्रू ठरलेले आहेत. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल, तासगावच्या रथोत्सवातली गर्दी, मार्केट यार्डातल्या हळदीची धूळ. अशा ठिकाणी लेन्स बदलायची नाही. घरून एक लावून निघायचं आणि तीच ठेवायची. लेन्सवर साधा फिल्टर आणि बॉडीवर प्लॅस्टिकची पिशवी, एवढं बास. गुलाल बसला तर ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी ब्लोअरनं उडवा.

पावसाळ्यात महाबळेश्वरला किंवा कोकणात जाऊन आलात तर कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बुरशी दमटपणावर वाढते आणि बंद बॅग ही तिची आवडती जागा.

फोटोंचीही काळजी घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुन्या सांगलीत घराघरांत पाणी शिरलं. घरात असं पाणी आलं की कॅमेरा नवा घेता येतो, आजीचा फोटो नाही. म्हणून साधा नियम : फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवलेली हार्डडिस्क. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरली तर सहाशे फोटोंत ती भरते. हार्डडिस्कचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

पहिला महिना

कॅमेरा आला की यूट्यूबवर वीस व्हिडिओ बघायचा मोह होतो. त्याऐवजी तीन गोष्टी करा.

मोड ए किंवा एव्ही वर ठेवा. यात एफ नंबर तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा बघतो. आयएसओ ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. एक्स्पोजर कमी-जास्त करायचं चाक शोधून काढा. काळ्या दगडासमोर ते उणे, पांढऱ्या कपड्यातल्या वारकऱ्यांसमोर अधिक.

फोटो रॉ आणि जेपेग दोन्हींत काढा. यार्डात हळदीच्या ढिगासमोर कॅमेऱ्याचा रंगांचा अंदाज चुकतो, कारण फ्रेममध्ये सगळं पिवळंच असतं. रॉ फाइलमध्ये तो नंतर सावकाश दुरुस्त करता येतो.

आणि महिनाभर एकच लेन्स वापरा. झूमची सोय नसली की माणूस दोन पावलं पुढे जातो, खाली बसतो, उजेडाची बाजू शोधतो. फोटो तिथूनच सुधारायला लागतात.

एवढं वाचूनही मन ठरत नसेल तर पैसे भरायच्या आधी एका दिवसासाठी कॅमेरा भाड्याने आणा किंवा मित्राकडून मागून घ्या. रविवारी सकाळी उजाडताना घाटावर, दुपारी घरात जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर विश्रामबाग चौकात. प्रत्येक ठिकाणी तोच फोटो कॅमेऱ्यानं आणि फोननंही काढा. घरी येऊन जोड्या शेजारी शेजारी ठेवा आणि ज्याला फोटोतलं काही कळत नाही अशा घरच्या माणसाला विचारा, यातला कुठला आवडला.

त्यानं दहापैकी सात वेळा कॅमेऱ्याचा निवडला, तर खुशाल घ्या. फोनचाच निवडला, तर तुमचे ५० हजार वाचले.